फुटबॉलमधील पंचांचा कल आणि बलाढ्य संघ : एक विवेचन

इटलीतील क्रीडापत्रकारितेत पंचांच्या एका वृत्तीला 'सुद्दितान्त्सा प्सिकोलोजिका', म्हणजे मानसिक अधीनता, असे म्हटले जाते. युव्हेन्टस, इंटर, मिलान अशा मातब्बर संघांपुढे पंच नकळत दबतो, असा या शब्दप्रयोगाचा आशय आहे. या आक्षेपात कितपत तथ्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बलाढ्य संघाला पेनल्टी अधिक मिळतात, एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. जो संघ बहुतांश काळ प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ चेंडू खेळवतो, त्याच्या खेळाडूंना तेथे पाडले जाण्याचे प्रसंगही अधिक येतात. चाहत्यांच्या वादांत नेमका हाच भेद सुटतो. म्हणून जेथे निर्णय खेळाच्या दर्जावर अवलंबून नसून पंचाच्याच हाती असतो, असा प्रसंग अभ्यासकाला शोधावा लागतो.

गॅरिकानो, पालासिओस-ह्युर्टा व प्रेंडरगास्ट यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो हेरला. वाया गेलेल्या वेळेची भरपाई किती द्यावी, हे पंच ठरवतो. स्पॅनिश लीगमध्ये यजमान संघ एका गोलने मागे असता ही वेळ लांबते आणि एका गोलने पुढे असता आखडते, असे त्यांना आढळले. येथे लाच नाही, कटही नाही. आहे तो प्रेक्षकांचा रेटा. नेव्हिल व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ४० पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातील ४७ प्रसंगांची चित्रफीत दाखवली. प्रेक्षकांचा आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले.

यजमान संघ म्हणजे बलाढ्य संघ नव्हे, हे खरे. परंतु मोठ्या क्लबांची मैदाने मोठी असतात आणि गर्जनाही. शिवाय कीर्तीचा परिणाम स्वतंत्रपणे होतो. २००२ च्याच आणखी एका प्रयोगात, अमुक संघ आक्रस्ताळा आहे असे आधी सांगितलेल्या पंचांनी त्याच संघाला अधिक कार्डे दाखवली. (उत्तरपत्रिकेवरील बैठक क्रमांक झाकण्यामागील शंका यापेक्षा निराळी नाही.)

इटलीतील २००६ चे प्रकरण मात्र वेगळे गणले पाहिजे. पंच नेमणाऱ्यांशी असलेले संधान उघड झाले, युव्हेन्टसची दोन विजेतेपदे गेली व संघ दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. हेतुपुरस्सर व्यवहाराला अशी शिक्षा देता येते. नकळत झुकणाऱ्या पंचाला कोणती देणार? एका गुणाने श्रेणी, आणि तिच्यासह उत्पन्न, गमावणाऱ्या लहान क्लबाचे नुकसान तर दोन्ही प्रसंगी सारखेच होते.

२०२० मध्ये महासाथीमुळे सामने रिकाम्या मैदानांवर झाले, तेव्हा पाहुण्या संघांना मिळणाऱ्या जादा पिवळ्या कार्डांचे प्रमाण घटल्याचे अनेक अभ्यासांत दिसले. २०१७-१८ च्या हंगामापासून इटली व जर्मनीच्या प्रमुख लीगमध्ये चित्रफीत-साहाय्यक पंच आले. गोल, पेनल्टी व थेट लाल कार्ड यांची फेरतपासणी त्यामुळे शक्य झाली. मध्यरेषेजवळचा साधा फाउल आणि भरपाईची मिनिटे मात्र मैदानावरील पंचाकडेच राहिली आहेत.