वारसनोंदीचा हव्यास

ज्या मुलखाची मालकी १८५३ साली तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे निधन झाल्यावर, वारस मान्य नाही एवढ्या एका सबबीवर, पुढच्याच वर्षी कंपनी सरकारच्या दफ्तरी जमा झाली, त्या छत्तीसगडात वाढलेल्या मराठी माणसाला वारसा, दत्तकविधान आणि सनदा यांविषयी कुतूहल असावे यात नवल नाही. मात्र तेच कुतूहल मला रायपुरात बसून ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटमालिकेच्या कागदपत्रांकडे ओढून नेईल, आणि तिचे उत्तरभाग चाहत्यांना वारंवार निराश का करतात या प्रश्नाची उकल एका वंशावळीत होईल, ही अपेक्षा मी केली नव्हती.

ही तक्रार चित्रपटकलेहून जुनी आहे. १८६५ साली ज्यूल व्हर्नने तोफगोळ्यात बसलेल्या आपल्या तिघा प्रवाशांना अंतराळात अधांतरी सोडून कादंबरी संपविली, वाचकांनी चार वर्षे त्यांच्या दैवाची चिंता वाहिली, आणि पुढच्या भागात ते तिघे चंद्राला वळसा घालून सुखरूप समुद्रात येऊन पडले. भा. रा. भागवतांच्या कृपेने व्हर्न ज्यांच्या बालपणी घरात आला, त्यांना त्या सुखरूपतेतला किंचित हिरमोड निराळा समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडे ‘कोई... मिल गया’मधला जादू २००३ साली घरोघरी लाडका झाला आणि ‘क्रिश’मध्ये केवळ आठवणीपुरता उरला, ही कथाही सर्वश्रुत आहे.

मला गुंतवून ठेवले ते एका विस्मृत लेखिकेने. ली ब्रॅकेट ही १९१५ साली जन्मलेली, मंगळ आणि शुक्र यांवरच्या साहसकथा स्वस्त मासिकांतून लिहिणारी बाई. तिची एक रहस्यकादंबरी वाचून दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स याने लेखक पुरुषच असणार अशा समजुतीने तिला बोलावणे धाडले, आणि ‘द बिग स्लीप’च्या पटकथेवर विल्यम फॉकनरच्या जोडीने तिचे नाव लागले. पुढे तीन दशकांनी, १९७७च्या अखेरीस, जॉर्ज ल्यूकसने आपल्या अपूर्व यश लाभलेल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाचा दुसरा भाग लिहिण्याचे काम तिच्याकडे सोपविले. कर्करोगाने जर्जर झालेल्या त्या लेखिकेने फेब्रुवारी १९७८मध्ये आपला मसुदा हवाली केला आणि १८ मार्चला तिचा अंत झाला. मसुदा ल्यूकसच्या मनास आला नव्हता, परंतु त्याविषयी तिच्याशी दोन शब्द बोलण्याची संधीही त्याला मिळाली नाही.

त्या मसुद्याची एक प्रत न्यू मेक्सिकोतील पोर्टालेस या गावच्या विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात जतन करून ठेवली आहे, आणि तिच्यातला तपशील भल्याभल्या चाहत्यांना चक्रावून टाकणारा आहे. ज्याला जग योडा म्हणून ओळखते त्याचे नाव तिथे मिंच. नायक लूकला नेलिथ नावाची एक बहीण. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लूकचा मृत पिता आत्मरूपाने स्वतः प्रकट होऊन मुलाला जेडाय योद्ध्याची शपथ देतो. अर्थात खलनायक डार्थ व्हेडर हा कोणी निराळाच इसम! व्हेडर हाच लूकचा पिता या ज्या उद्घाटनावर या मालिकेची सारी कीर्ती उभी आहे, ते ब्रॅकेटच्या मसुद्यात औषधालाही नाही. ल्यूकसने स्वतः पुढचा खर्डा लिहिताना ते निर्माण केले, आणि ते इतके गुप्त राखले की, व्हेडरचा पोशाख चढविलेल्या डेव्हिड प्राऊझला चित्रीकरणाच्या वेळी खोटेच वाक्य म्हणावयास दिले गेले.

तात्पर्य, आरंभापासून ठरलेली म्हणून जिचे माहात्म्य गायिले गेले ती वंशावळ मागाहून रचलेली होती. नेलिथची रिकामी जागाही १९८३ साली लेयाच्या नावाने भरण्यात आली, मग मधल्या चित्रपटात याच भावंडांनी चुंबन घेतलेले असले तरी इलाज नव्हता. मिसल पुरी झाली की कारकुनाचे समाधान होते.

तरीही पहिले फेरफार आपल्याला भावले आणि पुढचे खुपले, ते का? माझ्या मते, व्हेडरचे पितृत्व कळताच आधीचा चित्रपट अधिक गूढ झाला: गुरूने मग खोटे का सांगितले, मुलात बापाचे किती उतरले असेल, असे नवे प्रश्न उभे राहिले. १९९९च्या चित्रपटाने मात्र जेडायांच्या अलौकिक शक्तीचा हिशेब रक्तातील सूक्ष्म जीवांच्या संख्येवर आणून ठेवला आणि एक प्रश्न कायमचा निकालात काढला. दुसऱ्या भागाच्या वेळी ब्रॅकेटच्या जागी आलेला लॉरेन्स कॅसडन, दिग्दर्शक कर्शनर आणि निर्माता गॅरी कर्ट्झ अशी हरकत घेणारी माणसे ल्यूकसभोवती होती. कर्ट्झ पुढे बाजूस झाला आणि खेळण्यांच्या विक्रीने कथेचा कल बदलल्याचे जाहीरपणे सांगू लागला. १९९९ साली लेखक, दिग्दर्शक आणि मालक एकच होता, आणि त्याला अडविणारे कोणी उरले नव्हते.

२०१२ साली डिस्नेने हे संस्थान खरीदले. २०१७च्या भागात रायन जॉन्सनने नायिका रे हिचे आईबाप कोणी नामांकित नाहीत असे सांगण्याचे धैर्य दाखविले. त्या धैर्याबद्दल मला तो भाग नव्या तिघांत श्रेष्ठ वाटतो. चाहत्यांत त्यावरून भाऊबंदकी माजली, आणि दोनच वर्षांनी रे ही जुन्या सम्राटाची नात ठरली. येथे दोष केवळ स्टुडिओच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कुळाच्या दाखल्यावाचून पराक्रम मान्य न करण्याचा आग्रह धरणाऱ्यांत आपणही होतो.

उत्तरभाग म्हणजे नेहमीच अपयश असेही नव्हे. सतीश जैन यांच्या ‘मोर छंइहा भुंइया’ने २००० साली, छत्तीसगड राज्य स्थापन होण्याच्या सुमारास, येथील चित्रव्यवसायाला नवा जन्म दिला, २०२४ साली त्यांनीच नव्या नटांसह त्याचा दुसरा भाग आणला आणि प्रेक्षकांनी तो उचलून धरला.

ब्रॅकेटचे नाव ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’च्या श्रेयनामावलीत कॅसडनच्या आधी झळकते, आणि १९८१ साली त्या चित्रपटाला मिळालेल्या ह्यूगो पारितोषिकात तिचाही वाटा धरला गेला, जरी पडद्यावर तिच्या मसुद्यातले फारच थोडे उरले होते. नामंजूर झालेला तो मसुदा मला अनेक मंजूर चित्रपटांहून अधिक मोलाचा वाटतो, कारण ही कथा आणखी कोणकोणत्या वाटांनी जाऊ शकली असती याचा तो लेखी पुरावा आहे; आणि ज्या दिवशी चाहता अशा वाटांची मागणी सोडून वारसनोंदीची मागणी करू लागतो, त्या दिवशी त्याची पुढची निराशा त्याने स्वतःच्याच सहीने मंजूर केलेली असते.