लेकीनं वाचावं, मायनं ऐकावं

आषाढी झाली की परभणी जिल्ह्यातल्या गावागावांत पोथी लागायची. रात्रीची जेवणं उरकून माणसं मारुतीच्या देवळात, नाहीतर कुणाच्या तरी ओसरीत जमायची. एकजण 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' वाचायचा आणि दुसरा ओवीओवीचा अर्थ सांगायचा. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेलेच जास्त असत, पण कथा त्यांना अध्यायवार पाठ असायची. मध्येच कुणी शंका काढली की अर्थ सांगणारा थांबून ती उलगडून सांगे. आयांच्या मांडीवर पेंगणारी लेकरं हे सारं ऐकतच मोठी झाली.

निजामाच्या राज्यात या ऐकण्याचं मोल आणखी मोठं होतं. १९४८ पर्यंत इथलं वरचं शिक्षण उर्दूतून चाले. हैदराबादेत १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. शाळेत उर्दू शिकणाऱ्या पोरांची मराठी घरच्या पोथीनं आणि संध्याकाळच्या हरिपाठानं सांभाळली. बी. रघुनाथ परभणीत सरकारी नोकरी करत मराठी कविता-कादंबऱ्या लिहीत होते, तेही याच राजवटीत. १९५३ मध्ये, ऐन चाळिशीत ते गेले.

पुढं शाळा मराठी झाल्या. १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली परभणीत अखिल भारतीय साहित्य संमेलनही भरलं. घराघरांत पुस्तकं आली, पण ती बहुतेक दप्तरातली. सगळ्यांनी मिळून बसून ऐकणं मात्र मोडत गेलं. आता मुलाला अभ्यासाला बसवून आईबाप मोबाइल घेऊन बसतात. मुलं वाचत नाहीत म्हणून आपण हळहळतो. मला वाटतं, या मोडण्यात आईबापांनी जास्त गमावलं.

असं का वाटतं, ते सांगतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शहरांतल्या २,१६५ माय-लेकरांची माहिती त्यांनी तपासली. मूल एक वर्षाचं आणि तीन वर्षांचं असताना आई त्याला किती वेळा वाचून दाखवते, याची नोंद होती. पुढं दोन-दोन वर्षांनी ती आई शिस्त लावताना किती ओरडते, किती मारते, याचीही. जास्त वाचून दाखवणाऱ्या आयांचं ओरडणं-मारणं कमी आढळलं. पुस्तकानंच हे घडवलं असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही, पण कारण समजण्यासारखं आहे. लेकराला कुशीत घेऊन गोष्ट वाचताना ते कुठं घाबरतं, कशाला हसतं, काय विचारतं, हे आईला कळतं. ज्याचं मन कळलं, त्याच्यावर हात उचलणं जड जातं.

अमेरिकेतलाच १९८८ चा आणखी एक प्रयोग मला आपल्या पोथीच्या फार जवळचा वाटतो. चित्रांचं पुस्तक नुसतं वाचून न दाखवता 'हा काय करतोय?', 'पुढं काय होईल?' असं विचारत जायला आईबापांना शिकवलं. महिनाभरातच त्यांची मुलं बोलण्यात बरोबरीच्या मुलांच्या पुढं गेली. ओवीपाशी थांबून शंका फेडणारा आपला अर्थ सांगणारा वेगळं काय करत होता?

आता अडचण. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्यातल्या बायकांची साक्षरता पुरुषांपेक्षा बरीच मागं होती. ज्या मायला वाचता येत नाही, तिनं काय करावं? तिनं ऐकावं. संत जनाबाईच्या गंगाखेडात हे वेगळं सांगायला नको. ऐकून मनात साठवण्याची ताकद इथल्या बायकांच्या अंगी पिढ्यान्पिढ्या आहे.

गंगाखेड तालुक्यातल्या एका घरी हे मी पाहिलं. कापूस वेचून आलेली माय चुलीपुढं भाकरी थापत होती आणि चौथीतली लेक 'किशोर' मासिकातली गोष्ट अडखळत वाचत होती. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं. गोष्टीतल्या मुलाची शाळा सुटते, तिथं माय म्हणाली, "थांब गं. काहून सोडली त्यानं शाळा?" लेकीनं मागचं पान काढून पुन्हा वाचलं. तव्यावरची भाकरी उलटत माय सांगू लागली, की धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही तिसरीतूनच काढलं होतं. लेकीला हे ठाऊकच नव्हतं. बाजेवर पडलेला बाप उठून बसला आणि म्हणाला, "मलाबी नव्हतं सांगितलं तू."

पोथीनं हे कधी साधलं असतं का, शंका आहे. पोथीत कथा देवाची, आणि अर्थ सांगणारा बहुतेक पुरुषच. इथं माय स्वतःच अर्थ सांगत होती. म्हणून मला नुसती जुनी ओसरी परत नको आहे.

गावोगावच्या वाचनालयांनी मनावर घेतलं तर असं वाचणं-ऐकणं घरोघरी घडेल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. सोयाबीनची रास आणि कापसाची वेचणी चालू असताना माणसं दिवस मावळल्यावर घरी येतात. वाचनालय तेव्हा उघडं हवं. पुस्तकं मोठ्या अक्षरांची आणि एका बैठकीत संपणारी हवीत. वर्गणी एका माणसाची न ठेवता घराची ठेवावी, आणि पुस्तक परत घेताना मुलाला एवढंच विचारावं, की घरात कुणाकुणाला वाचून दाखवलंस.