गुहेच्या छतावरचं कोडं

चल, एक गंमत करू! कागदावर शेजारी शेजारी दोन ठिपके काढ. खाली एक आडवी रेघ ओढ. काय दिसतंय? चेहरा ना! पण नाक कुठाय? कान कुठायत? तू तर फक्त दोन ठिपके काढलेस आणि एक रेघ ओढलीस!

मग चेहरा आला कुठून? तुझ्या मेंदूतून!

डोळे मेंदूला नुसत्या खुणा पाठवतात. इथे उजेड, तिथे अंधार, हा रंग, ती कड. त्यांचा अर्थ लावतो मेंदू. परीक्षेत ‘रिकाम्या जागा भरा’ असतं ना, अगदी तसं! आधी पाहिलेल्यातलं जुळतंसं उत्तर शोधायचं आणि टाकायचं भरून. तेही तुला न विचारता!

हाच खेळ मोठ्या माणसांच्या मेंदूतही चालतो. भोपाळजवळ भीमबेटका आहे. प्रचंड खडक, गुहा आणि हजारो वर्षांपूर्वीची चित्रं! १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर आगगाडीने भोपाळला चालले होते. खिडकीतून त्यांना हे खडक दिसले. अरे, असेच खडक तर स्पेन-फ्रान्समध्ये पाहिलेत! मग काय, तिथल्यासारखी चित्रं इथेही असतील म्हणून गेले शोधायला. आणि खरंच, चित्रंच चित्रं! रिकामी जागा बरोब्बर भरली होती.

पण थांब, खरी धमाल पुढेच आहे!

तिथल्याच एका गुहेत शास्त्रज्ञांना वर खडकावर एक ठसा दिसला. पानासारखा, मधून दोन्हीकडे पट्टे गेलेला. हा तर डिकिन्सोनिया! म्हणजे सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी राहणारा चपटा जीव. डायनासोर तर त्याच्यापुढे कालचे! त्या शास्त्रज्ञांपैकी ग्रेगरी रिटॅलॅक यांनी ऑस्ट्रेलियातले डिकिन्सोनिया पाहिलेले होते. मेंदूपाशी उत्तर तयारच होतं! २०२१ साली बातमी जगभर गेली.

मग फ्लोरिडा विद्यापीठातले जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सोबती तिथे गेले. अगदी निरखून पाहिलं. बघतात तर काय, ठसा खडकातला नव्हताच! खडकाला वरून चिकटलेला होता आणि चक्क सुटून येत होता. त्यात मेण होतं. ओळख पाहू, काय असेल?

आग्या मोहोळ! मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा उरलेला तुकडा! २०२३ साली हे जाहीर झालं आणि रिटॅलॅक यांनी ते मोकळेपणाने मान्य केलं. मला तर ते फार आवडले!

भीमबेटकाला जाशील तेव्हा एक मोठ्ठा खडक बघच. हुबेहूब कासव! कुणी कोरलेलं नाही हं, ऊनपावसाने झिजून झालंय. त्याच्याभोवती थोडं फिर आणि शोधून काढ, कुठे उभं राहिलं की कासव गायब होतं!