पाठीच्या कण्याचं ऑपरेशन: ठरवायचं कसं?

मुलाची पाठ दाखवायची असेल, तर मुंबईत कॉटन ग्रीनहून परळचं वाडिया बाल रुग्णालय जवळच. १९२९ पासून ते मुलांसाठी आहे.

मूल पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसली, तर डॉक्टर एक्स-रेवर कण्याच्या बाकाचा कोन मोजतात. वाढत्या वयात साधारण २५ ते ४० अंशांना पाठीला आधार देणारा ब्रेस, ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार. पण नुसत्या आकड्यावर निर्णय होत नाही. प्रश्न कागदावर लिहून न्या: उंची अजून किती वाढेल? थांबलो तर काय होईल? धोके कोणते? कण्याचा किती भाग कायमचा ताठ होईल? शाळा किती बुडेल? उत्तर समजलं नाही, तर पुन्हा विचारा. आणि मुलालाही बोलू द्या. पाठ त्याची आहे.