जिप्सीतील पोलादी पिंजरा : ‘रोल केज’ बसविण्यापूर्वी

पावसाळा सुरू झाला, की सह्याद्रीच्या कुशीतील चिखलवाटांवर ‘फोर व्हील ड्राइव्ह’ गाड्यांची वर्दळ वाढते. गोव्यात २०१४ पासून ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा भरू लागली आणि आडवाटेच्या या छंदाकडे तरुणांचा ओढा अधिकच वाढला. या छंदात आजही मानाचे स्थान आहे ते मारुती जिप्सीला. १९८५ साली आलेल्या या गाडीची सामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९ च्या सुमारास थांबली. तरीही जुनी जिप्सी विकत घ्यायची, तिची डागडुजी करायची आणि तिला डोंगरात न्यायचे, हा शौक मात्र थांबलेला नाही. या डागडुजीतच आता एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे गाडीच्या आत बसविला जाणारा पोलादी नळ्यांचा सांगाडा, अर्थात ‘रोल केज’.

त्याची गरज का भासते, हे जिप्सीच्या मापांवरून सहज लक्षात येते. गाडीची रुंदी १५४ सेंटिमीटर, तर उंची १८७ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ती रुंद कमी आणि उंच जास्त. त्यात मोठे टायर आणि उंचावलेले स्प्रिंग आले, की गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो. आडव्या उतारावर वरच्या बाजूचे चाक दगडावर चढले आणि खालच्या बाजूचे चिखलात बसले, की गाडी कलंडते. वेग ताशी पाच-सात किलोमीटरचाच असतो. पण कापडी छताच्या गाडीत चालकाचे डोके आणि जमीन यांच्यामध्ये त्या क्षणी भक्कम असे काहीच उरत नाही. समोरच्या काचेची चौकट ही काच धरून ठेवण्यासाठी असते. सुमारे टनभर वजनाची उलटी गाडी पेलण्यासाठी नसते. हे वजन पेलून माणसाच्या बसण्याची जागा शाबूत ठेवणे, एवढेच रोल केजचे काम. दुर्दैवाने बाजारात या नावाखाली जे बसवून मिळते, त्यातील बरेचसे केवळ शोभेचे असते.

नळी कोणती असावी?

बांबू आतून पोकळ असूनही वाकायला चिवट असतो. कारण त्याचे सारे द्रव्य मध्यापासून दूर, कडेला असते. रोल केजसाठी भरीव सळईऐवजी नळी वापरतात, ती याच कारणाने. मात्र नळी कोणतीही चालत नाही. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे ‘एफआयए’च्या नियमावलीत मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाची आणि किमान २.५ मिलिमीटर जाडीची, थंड अवस्थेत ओढून काढलेली, सांधा नसलेली कार्बन पोलादाची नळी सांगितली आहे. ५० मिलिमीटर व्यासाची असल्यास जाडी २ मिलिमीटर चालते. इतर भागांसाठी ३८ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ४० आणि २ असे माप आहे.

पाण्याच्या जोडणीची जीआय पाइप किंवा फर्निचरसाठी वापरली जाणारी पातळ नळी दिसायला तशीच असते आणि स्वस्तही पडते. परंतु तिच्या ताकदीची हमी कोणी देत नाही. शिवाय जीआय पाइपवरील जस्ताचा थर वेल्डिंगच्या वेळी जळतो. त्याचा धूर वेल्डरच्या फुफ्फुसांना घातक ठरतो आणि सांधाही सच्छिद्र होतो. चकचकीत पॉलिश केलेल्या नळ्या पाहून भुलू नये. नळीचे प्रमाणपत्र मागावे आणि तिची जाडी कापलेल्या टोकाशी व्हर्नियर लावून स्वतः मोजावी.

नळी वाकविण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. साध्या यंत्रावर घाईने वाकविलेली नळी वळणाच्या आतल्या बाजूने चपटी होते किंवा तिला सुरकुत्या पडतात. गाडी उलटली, की ती नेमकी तिथेच दुमडते. म्हणून वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या नळीसाठी १३५ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. मुख्य कमान एकाच अखंड नळीची हवी. मध्ये जोड नको.

कैचीचे शहाणपण

चार पट्ट्या खिळ्यांनी ठोकून चौकट केली आणि एका कोपऱ्यावर दाब दिला, की ती तिरकी होते. तीत एक कर्ण ठोकला, की ती हलत नाही. कौलारू घराच्या छपराला कैची असते ती यासाठीच. रोल केजचेही तेच. पुढच्या आसनांच्या पाठीमागे उभी राहणारी मुख्य कमान, तिला मागून तिरका आधार देणारे दोन पाय, कमानीतील कर्ण, काचेच्या चौकटीलगत उतरणारे पुढचे दोन पाय, डोक्यावरील आडव्या नळ्या आणि दारांच्या उंचीवरचे बाजूचे दांडे मिळून सहा पायांचा पूर्ण पिंजरा होतो. यातला कर्ण ‘मागचे दिसत नाही’ म्हणून गाळला जातो आणि पिंजऱ्याची निम्मी ताकद तिथेच संपते. गाडी क्वचितच सरळ छतावर पडते. बहुधा ती एका खांद्यावर पडते आणि चौकट तिरकी करू पाहणारा तो जोर पेलतो कर्णच.

दोन नळ्या जिथे मिळतात तिथे एकीचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे कापून दुसरीवर नेमके बसवावे लागते. फट राहिली आणि ती वेल्डिंगच्या मालाने भरून काढली, तर सांधा दिसतो भरदार, पण असतो ठिसूळ. सांध्याला सर्व बाजूंनी वेल्डिंग झाले पाहिजे. कापडी छताच्या जिप्सीत छत काढून वरचे सांधे नीट गाठता येतात. पक्क्या छताच्या गाडीत नळीची वरची बाजू हमखास तशीच राहते. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी, पेट्रोलची टाकी उतरवावी, वायरिंग आणि गालिचा बाजूला करावा. या बाबतीत घाई म्हणजे आगीला आमंत्रण.

पाय कोठे रोवायचे?

ओल्या जमिनीत छत्रीचे टोक रुतते, ताटली मात्र रुतत नाही. गाडीचा तळ पातळ पत्र्याचा असतो. पिंजऱ्याचा पाय थेट त्यावर ठेवला, तर अपघातात नळी शाबूत राहते आणि पाय पत्रा फाडून खाली उतरतो. नियमावलीनुसार मुख्य कमानीच्या आणि पुढच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची, म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढी पट्टी लागते, ती ८.८ दर्जाच्या आणि किमान ८ मिलिमीटर व्यासाच्या तीन बोल्टांनी आवळावी लागते.

जिप्सीत आणखी एक गुंतागुंत आहे. तिची बॉडी शिडीसारख्या चासीवर रबरी गुटक्यांवर बसते. ओबडधोबड वाटेवर चासी पिळवटते आणि बॉडी तिच्यावर थोडी डुलते. पिंजऱ्याचे काही पाय चासीवर आणि काही बॉडीवर रोवले, तर ही डुलण्याची हालचाल पिंजऱ्याच्या सांध्यांवर येते आणि काही महिन्यांत वेल्डिंगला चिरा पडू लागतात. म्हणून एकच मार्ग ठरवावा. एक तर सारे पाय मोठ्या पट्ट्यांसह बॉडीवर घ्यावेत आणि बॉडी चासीला धरणारे बोल्ट व गुटके निरोगी ठेवावेत. किंवा सारे पाय चासीवर उतरवून तळाच्या पत्र्यातील छिद्रे ऐसपैस ठेवावीत व त्यांना रबरी बूच लावावे.

डोके आणि नळी

हा या विषयातील सर्वांत गंभीर आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. पिंजरा भक्कम झाला, की तो माणसालाही तितकाच कठीण लागतो. हेल्मेट न घालता साध्या पट्ट्यात बसलेल्या चालकाचे डोके रस्त्यावरील किरकोळ धडकेतही ताणले जाऊन कानाशेजारच्या पोलादी नळीवर आदळू शकते. मूळ गाडीत जिथे मोकळी हवा होती, तिथे आपणच लोखंड आणून ठेवलेले असते. म्हणून मापे घेताना चालकाला हेल्मेटसह आसनावर बसवून, पट्टा आवळूनच घ्यावीत. डोके पोहोचेल अशा प्रत्येक नळीवर स्पर्धेच्या दर्जाचे कठीण फोम लावावे. पाण्याच्या नळीवर गुंडाळतात तो मऊ फोम इथे निरुपयोगी. तो क्षणात दबतो.

पिंजरा आणि पट्टा यांची फारकत करताच येत नाही. पट्टा नसेल, तर गाडी उलटताना माणूस पिंजऱ्याच्या आत आपटतो किंवा अर्धवट बाहेर फेकला जातो. आणि पिंजरा त्याच्याच अंगावर येतो. गाडी कलंडू लागली, की हात बाहेर टेकवून ती सावरण्याची ऊर्मी होते. अशा वेळी हात आत, स्टीअरिंगवर किंवा पट्ट्यावर ठेवणे, हे सहप्रवाशांनाही आधीच बजावलेले असावे.

रोज शहरात फिरणाऱ्या, हेल्मेटविना चालविल्या जाणाऱ्या गाडीत म्हणूनच पूर्ण पिंजऱ्याचा मोह टाळावा. पुढच्या आसनांमागे, डोक्यापासून पुरेशा अंतरावर कर्णासह मुख्य कमान आणि तिचे मागचे दोन पाय, एवढेच तिथे इष्ट. मागच्या भागात मग कोणाला बसवू नये, हे ओघाने आलेच.

वजन आणि कायदा

४५ मिलिमीटरची नळी मीटरला सुमारे २.६ किलो भरते. पूर्ण पिंजरा पट्ट्यांसह ४५ किलोंच्या घरात जातो आणि हे वजन उंचावर असते. चालकासह ११०० किलोंची गाडी, चाकांमधील अंतर १३० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर धरला, तर ती सुमारे ४३ अंशांना कलंडेल. त्यात ४५ किलो वजन १४० सेंटिमीटर उंचीवर वाढविले, तर ही मर्यादा साधारण एका अंशाने घटते. घट मोठी नाही. पण पिंजऱ्यावर जादा चाक, पाण्याचे कॅन आणि दिव्यांची रांग चढविणाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा मांडून पाहावा.

कायद्याकडेही डोळेझाक करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांवर बंधने घालते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी त्या स्पर्धेची नियमावली नळी विकत घेण्याआधी वाचावी. नंतर वाचल्यास अनेकदा सारा पिंजरा कापून काढावा लागतो.

काम पूर्ण झाल्यावरही जबाबदारी संपत नाही. प्रत्येक सफरीनंतर पायांशी साचलेला चिखल धुऊन काढावा, बोल्ट तपासावेत, सांध्यांजवळ रंगाला केसाएवढी चीर दिसली तरी तिचा शोध घ्यावा. एकदा गाडी उलटून पिंजऱ्याने मार खाल्ला, की तो वरून सरळ दिसला तरी जाणकाराकडून तपासल्याशिवाय त्यावर पुन्हा विसंबू नये. त्याचे काम एकदाच, निमिषभराचे असते. आणि त्या निमिषात चुकीची नळी, गाळलेला कर्ण किंवा न बांधलेला पट्टा दुरुस्त करायला कोणालाच सवड मिळत नाही.