लोहाच्या गोळ्यांना न जुमानणारा पंडुरोग

आमच्या वहिनींचे हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी काही केल्या वाढेना, तेव्हा त्याचे खापर सर्वांनी मासिक पाळीवर फोडले. तपासाअंती निघाला तो सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातील ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटण्याचा विकार; मग लोह शोषले जाणार कसे?

स्त्रियांमध्ये याचे निदान पुरुषांच्या सुमारे दुप्पट होते. पुरुषांमध्ये मात्र याच विकारामुळे कोपरांवर व गुडघ्यांवर उठणारे, असह्य खाजणारे बारीक फोड अधिक आढळतात, आणि तो बिचारा गृहस्थ खरजेचे मलम चोळीत बसतो.

निदानानंतर ज्वारी-नाचणीची भाकरी बेलाशक खावी, गिरणीत आधी गहू दळला नसेल तर! डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते.

निदानासाठीची टीटीजी ही रक्तचाचणी होईपर्यंत मात्र पोळी सोडू नये, अन्यथा अहवाल फसवा येण्याचा संभव असतो.