पौष-माघातील बाग

दिल्लीस माझी पहिली बदली झाली ती एका नोव्हेंबरात. तळमजल्यावरचे सरकारी घर मिळाले, आणि घरामागे अंगणाएवढा जमिनीचा तुकडाही मिळाला. आधीच्या रहिवाशाने त्यात लिंबाचे एक झाड, मोगऱ्याची दोन झुडपे, गुलाबांची एक रांग आणि लोखंडी मांडवावर चढवलेली द्राक्षाची एक वेल एवढा ऐवज मागे ठेवला होता. मी नाशिक जिल्ह्यातला. त्या वेलीला पाहून परक्या गावात घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. परंतु डिसेंबरात तिची पाने पिवळी पडली. जानेवारी उजाडेपर्यंत एकही पान उरले नाही, आणि खोडाची साल उकललेल्या दोरखंडासारखी सुटू लागली. आमच्याकडे जानेवारीत वेलीवर घड लोंबत असतात. तेव्हा ही वेल मेली असे मी ठरवले आणि ती उपटण्यासाठी माळ्याला बोलावले.

म्हाताऱ्या माळ्याने कुदळ खाली ठेवली, एका काडीवर अंगठ्याच्या नखाने हलकेच ओरखडा काढला आणि ती माझ्यापुढे धरली. सालीखाली हिरवी रेघ होती. “मरी नहीं है साहब, सोई हुई है,” एवढेच तो म्हणाला. दिल्लीच्या बागेविषयी जे काही मी नंतर शिकलो, त्याचा आरंभ त्या हिरव्या रेघेपासून झाला. आज त्यातलेच थोडे आपल्यापुढे ठेवणार आहे.

वेल झोपते, म्हणजे काय होते? नाशिक-निफाडकडेही पौषातील पहाटे कडाक्याच्या असतात. पण दुपार उबदार होते आणि वेल पुन्हा कामाला लागते. दिल्लीत जानेवारीतील किमान तापमान सरासरीने साडेसात अंशांच्या आसपास असते, आणि धुके उतरले म्हणजे कित्येक दिवस दुपारच्या उन्हाचेही दर्शन होत नाही. सफदरजंगच्या वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी पारा शून्याखाली ०.६ अंशावर उतरल्याची नोंद आहे. अशा हवेत पाने सांभाळणे वेलीला परवडत नाही. ती पाने टाकते, आपले अन्न खोडात आणि मुळांत साठवते व दिवस पालटण्याची वाट पाहते. म्हणूनच महाराष्ट्रात द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात होते. उत्तरेत मात्र ती एकदाच, जानेवारीत, वेल निजलेली असताना करतात. हीच छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत लांबवली, तर खालून रस चढू लागलेला असतो, आणि कापलेल्या प्रत्येक काडीतून तो थेंबथेंब गळतो. माळी लोक म्हणतात, वेल रडते.

ह्यातून पहिला नियम निघतो. हिवाळ्यात बाग आवरायची म्हणजे जे वाळलेले दिसेल ते कापत सुटायचे नाही. आधी नखाने ओरखडा काढून पाहावे. सालीखाली तपकिरी कोरडेपणा असेल तर ती फांदी खुशाल काढावी. हिरवे असेल तर हात आवरावा, आणि ते झाड केव्हा झोपते व केव्हा फुलते ह्याची चौकशी करावी.

ही चौकशी न केल्याचे प्रायश्चित्त मला पहिल्याच वर्षी मिळाले. माझ्यापाशी एक जुने विलायती बागपुस्तक होते. त्यात गुलाबांची छाटणी हिवाळा सरताना करावी असे लिहिलेले होते, आणि जिथे महिनोन्महिने बर्फ पडते तिथे ते रास्तच आहे. मी जानेवारीच्या अखेरीस कात्री घेतली आणि ऐन बहरातली सगळी रांग वीतभर उंचीवर आणून ठेवली. नवे फुटवे आले, कळ्याही आल्या; परंतु त्या उमलल्या तोवर एप्रिल उजाडला होता, आणि रुपयाएवढी फुले एका दुपारीच करपून जात. उत्तरेच्या मैदानी प्रदेशात गुलाबाची छाटणी पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरात होते. त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी फुले येऊ लागतात आणि सबंध हिवाळा हा त्यांच्या वैभवाचा काळ असतो. आपल्या देशातील गुलाबांचे थोर अभ्यासक डॉ. बी. पी. पाल ह्यांचा ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. तो मी आधी चाळला असता, तर निदान त्या वर्षीचे गुलाब वाचले असते.

तेव्हा दिल्लीच्या हिवाळ्यात बागेचा एक भाग झोपलेला असतो आणि दुसरा ऐन भरात असतो, हे ध्यानात ठेवावे लागते. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी, डेलिया ही हंगामी फुले शरदात पेरलेली असतात आणि फेब्रुवारीत कळस गाठतात. राष्ट्रपती भवनातील उद्यान, ज्याला २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात, ते लोकांसाठी ह्याच सुमारास खुले होते, ते उगीच नव्हे. ह्या फुलझाडांची सुकलेली फुले खुडत राहणे एवढीच त्यांची सेवा. बी धरू दिले की झाडाला आपले काम संपले असे वाटते.

निजलेल्या मंडळींचे काम निराळे. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात कमी करावे आणि जानेवारी संपता संपता त्याला गुडघाभर उंचीवर छाटावे. त्याची फुले नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे जितके जोमदार फुटवे, तितका उन्हाळ्यात गजरा. पीच, ज्याला इकडे आडू म्हणतात, तो मात्र गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतो. त्याची विरळणी करावी. सगळ्याच काड्या आखूड केल्या तर आपण फुलेच कापून टाकतो. शेवंतीचा बहर सरला की तिचे दांडे वीतभर ठेवून छाटावेत. बुडाशी जे पोरके फुटतात, ते मुळांसकट अलग करून पुढच्या वर्षासाठी लावता येतात. जास्वंद, तगर ह्या आपल्या उबदार मुलखातील झुडपांना फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हात लावू नये. त्यांची थंडीने काळवंडलेली पाने ओंगळ दिसतात खरी, पण आतल्या कोवळ्या डोळ्यांवर तेच पांघरूण असते.

पांघरुणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. लिंबू, पपई आणि आंब्याची लहान रोपे ह्यांना दिल्लीची कडक रात्र सोसत नाही. त्यांच्यावर गवताचा किंवा पेंढ्याचा लहानसा आडोसा करावा आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन आत येते आणि उत्तरेचा वारा बाहेर राहतो. ज्या संध्याकाळी आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, त्या रात्री दहिवर गोठण्याचा संभव असतो. अशा वेळी हलके पाणी द्यावे. कोरड्या मातीपेक्षा ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. एरवी मात्र हिवाळ्यात पाणी सकाळी, ऊन पडल्यावर आणि हात राखूनच द्यावे. थंडीत झाडे जितकी तहानेने मरतात, त्याहून अधिक मालकाच्या मायेने मरतात.

आता वसंताकडे वळू. माघ शुद्ध पंचमीला पंचांगात वसंत येतो. दिल्लीत त्या दिवशी अंगावर स्वेटर असतो. खरा वसंत फेब्रुवारीच्या मध्याला येतो आणि मार्च संपताच निघून जातो. त्यामागून येतो तो ग्रीष्म, आणि त्याच्याबरोबर ‘लू’ नावाचा पश्चिमेचा भाजून काढणारा वारा. म्हणून इथे वसंताची तयारी म्हणजे खरे पाहता ग्रीष्माचीच तयारी असते. जे रोप एप्रिलच्या आत मुळे खोलवर नेईल, ते जगेल.

ह्या थोड्या दिवसांचा हिशेब असा बसतो. दुधी, दोडका, काकडी ह्यांचे बी जानेवारीतच माती-खताने भरलेल्या लहान पिशव्यांत लावावे आणि त्या पिशव्या भिंतीच्या उबेत, रात्री झाकून ठेवाव्यात. फेब्रुवारीच्या मध्यास थंडी मोडली की रोपे मातीच्या गोळ्यासकट जमिनीत जातात. जो बी थेट जमिनीत टाकण्यासाठी मार्चची वाट पाहतो, त्याचे वेल लू सुरू होते तेव्हा जेमतेम मांडवाशी पोहोचलेले असतात. भेंडीला ऊब अधिक लागते. तिचे बी रात्रभर भिजवून फेब्रुवारीच्या अखेरीस टोकावे. पानझडीची फळझाडे लावायची असतील, तर ती जानेवारीत, निद्रिस्त असतानाच लावावीत. झोपेत घर बदलले तर त्यांना कळत नाही.

ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे ती माती, आणि मातीचे अन्न आपल्या दारात आपोआप येऊन पडते. दिल्लीतील पानगळीची रीत आगळी आहे. विलायती चित्रांतल्यासारखी ती थंडीच्या तोंडाशी होत नाही. कडुनिंब, पिलखन ही झाडे थंडी सरताना, फेब्रुवारी-मार्चात पाने टाकतात आणि लगोलग तांबूस-पोपटी पालवी धरतात. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांच्या कडेने कडुनिंब, जांभूळ, चिंच, अर्जुन लावले गेले. त्यांच्या पानांचे ढीग पाहून घरमालकाच्या मनात पहिला विचार येतो तो काडेपेटीचा.

तो विचार मोडून काढला पाहिजे. पान जळाले की मूठभर राख उरते. नत्र आणि सेंद्रिय द्रव्य हवेत जाते. शिवाय ती हवा कोणाची? हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, आणि धूर वर न जाता गल्लीतच घोटाळत राहतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्लीत उघड्यावर पाने व कचरा जाळण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंड सांगितला. आमच्या वसाहतीचा रात्रीचा चौकीदार पाचोळा पेटवूनच हात शेकत असे. कायदा दाखवून त्याची शेकोटी विझवणे सोपे होते. परंतु चार अंशांच्या थंडीत रात्र त्याला काढायची होती. आम्ही काही घरांनी वर्गणी करून त्याच्या चौकीत विजेची शेगडी दिली, आणि त्यानंतर पाचोळा मागायला मी गेलो. तो त्याने आनंदाने दिला.

त्या पाचोळ्याचे काय करावे, ह्याचे उत्तर आपल्या लोकांना परके नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत काम करीत असताना कंपोस्टची जी पद्धत सिद्ध केली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्यांनी तीवर जो ग्रंथ लिहिला, त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. वाळलेली पाने, वर हिरवा पाला व स्वयंपाकघरातील देठ-साली, वर शेण आणि थोडी माती, असे थर द्यायचे, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवायचा, आणि ढीग अधूनमधून वरखाली करायचा, हे त्या पद्धतीचे घरगुती रूप. वरखाली करण्याचा कंटाळा आला की ढीग आंबतो आणि वास सुटतो. कारण कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांनाही आपल्यासारखीच हवा लागते. फाल्गुनात भरलेला खड्डा दसऱ्यापर्यंत काळ्या, भुसभुशीत मातीने भरून निघतो, आणि ऑक्टोबरातल्या गुलाबांना तोच घालायचा.

आपण म्हणाल, सरकारी घरातल्या बागेसाठी इतका खटाटोप कशाला? हा प्रश्न मलाही पडतो. लिंबू लावणारा एक, लोणचे घालणारा दुसरा, असा तिथला व्यवहार. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर ह्या जुन्या वसाहतींच्या पुनर्बांधणीसाठी झाडे तुटू लागली, तेव्हा २०१८ च्या जूनमध्ये नागरिक रस्त्यावर आले आणि उच्च न्यायालयाला ती तोड काही काळ थांबवावी लागली. त्या वसाहतींतल्या अंगणांमध्ये कारकुनांच्या आणि शिपायांच्या कुटुंबांनी लावलेली झाडेही होती. ज्यांनी ती लावली, ते केव्हाच निवृत्त होऊन आपापल्या गावी गेले होते. मी शासनाचाच सेवक असल्याने घरांची निकड जाणतो. परंतु उंच इमारतीच्या गच्चीवरच्या कुंडीत वेलीची मुळे किती खोल जातील, हाही प्रश्न माझ्या मनात राहतोच.

यंदा माझ्या बदलीचा हुकूम आला आहे. मार्चअखेर घर सोडायचे आहे. जानेवारीत वेल छाटली, ती बहुधा शेवटचीच. तिची द्राक्षे जूनमध्ये पिकतील तेव्हा घरात दुसरे कोणी असेल. पिशव्यांत दुधीचे बी लावताना पत्नीने विचारले, “अहो, हे खाणार कोण?” मला उत्तर सुचले नाही, मी पिशव्या मोजत राहिलो. चौदा होत्या.

एक गोष्ट मात्र केली आहे. एका जाड कागदावर कोणते झाड केव्हा छाटायचे, खड्डा कुठे आहे, लिंबाला फुले येताना पाणी का आवरायचे, हे सर्व हिंदीत लिहून तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: डिसेंबरात मांडवावरची वेल वाळलेली दिसेल, ती उपटू नये, आधी नखाने खरवडून पाहावे.